सांबऱ्याहून विनिपेग : मोजणीचं टिपण

तेहतीस फुटांची साखळी, सोळा आणे.
एकतीस वर्षं ओढली मी ती
हुक्केरी, खानापूर, बैलहोंगलच्या काळ्या-तांबड्या मातीतून.
भावाभावांत बांध हलला की मला बोलावणं.
शिव्या दोन्ही भाषांतून खाल्ल्या,
अहवाल एकीत लिहिला.

आता भाग्यश्रीच्या लेकीनं फोनवर विचारलं,
"आजोबा, तुम्ही नक्की किती लांब आहात?"
उत्तर मोबाईलमध्ये असतं, ठाऊक आहे मला.
पण मोजणीदारानं दुसऱ्याच्या टिपणावर सही करू नये.

सांबऱ्याचा विमानतळ :
अक्षांश पंधरा पूर्णांक शहाऐंशी,
रेखांश चौऱ्याहत्तर पूर्णांक बासष्ट.
(धावपट्टी लांबवली तेव्हा रताळ्यांची सात शेतं
माझ्याच साखळीखालून गेली. ते असो.)
विनिपेगचा : एकोणपन्नास पूर्णांक एक्क्याण्णव उत्तर,
सत्त्याण्णव पूर्णांक चोवीस, पश्चिम.

जुन्या आकारबंदाच्या कोऱ्या पाठीवर मांडलं.
साइन गुणिले साइन, अधिक कोसाइन गुणिले कोसाइन
गुणिले रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन.
फरक एकशे बहात्तर अंश, किंचित कमी.
म्हणजे जवळजवळ पाठीला पाठ.
इकडं सकाळचा चहा, तिकडं कालचं रात्रीचं जेवण.

पहिलं उत्तर आलं : तीन हजार आठशे सत्तावन्न.
चष्मा पुसला. परत पाहिलं. तेवढंच.
खरं सांगतो, चूक कुठं आहे ते लगेच कळलं होतं.
नव्वद अंशांपलीकडचा कोसाइन ऋण असतो,
ते एवढंसं आडवं चिन्ह मी गाळलं होतं.
पण ऊन उतरत होतं, ही शेंगा भाजत होती.
म्हटलं, "पोरगी जवळच आहे गं."
"किती?" म्हणाली. मी आकडा सांगितला.
संध्याकाळपर्यंत कागद तसाच राहू दिला.

दिवेलागणीला ऋणचिन्ह घातलं.
बारा हजार सहाशे अठ्ठावन्न किलोमीटर.

आणि दिशा? मी धरून चाललो होतो पश्चिम :
घाट, गोवा, मग नुसतं पाणी.
गणित म्हणतं उत्तर. पश्चिमेकडं जेमतेम सहा अंश कललेली.
सर्वांत जवळची रेघ निघते
ती हुक्केरीवरून, चिकोडीवरून,
आणि सहाव्या मिनिटाला ओलांडते ती सीमा
जिच्यावरून मी पाळण्यात होतो तेव्हापासून भांडण चाललंय.
खाली एक दगडसुद्धा हलत नाही.
इचलकरंजीचे माग, वाळवंट, बर्फाचे डोंगर,
ध्रुवाला उजव्या हाताला सहाशे किलोमीटरवर ठेवून
पलीकडच्या अंगानं उतरते विनिपेगला.
नकाशावर पट्टीनं ओढलेली सरळ रेघ
हिच्याहून लांब भरते.
हे कळायला सदुसष्टावं वर्ष उजाडावं लागलं.
माझी सगळी शेतं सपाट होती ना.

त्या रेघेवरून विमान जात नाही, ते वेगळं.
भाग्यश्री इथून बसते ती आधी बेंगळुरूला.
पहिला तासभर विनिपेगकडं पाठ करूनच जाते.
मग फ्रँकफर्ट, टोरांटो. तीन हजार किलोमीटर जादा.
एवढी तफावत माझ्या मोजणीत निघाली असती
तर निलंबनाचा कागद घरपोच आला असता.

रविवारी मल्लाप्पा आला, माझा साखळीवाला,
लोण्याचा डबा घेऊन. कागद उलटा धरून पाहिला.
"साहेब, सरपळ्या किती होतील?"
मांडलं. बारा लाख अठ्ठावन्न हजार, वर साडेचारशे.
तो बराच वेळ गप्प.
अंगठ्यानं तळहात चोळत राहिला,
कडीचे घट्टे अजून आहेत तिथं.
मग म्हणाला, "ओढू की. पण साहेब,
तिकडं वरती, बर्फात,
हद्दीचा दगड पुरायचा कशात?"